पाठीवरचें बिऱ्हाड

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला. जिच्यांत निजतां येईल, चहा-भात करतां येईल आणि जी घेऊन चार दिवस हिंडतां येईल, अशी एखादी लहानशी गाडी घ्यावी किंवा कसें, आणि घ्यावयाचीच झाल्यास ती केवढी घ्यावी, हा वादाचा विषय. अशा गाडीस हल्लीं कॅम्परव्हॅन म्हणतात. आमच्या चिरंजीवांचा ओढा मोठ्या गाडीकडे. त्या पैशांत चांगल्या हॉटेलांतून दहा वर्षें राहून होईल, तेव्हां गाडीच नको, असें आमच्या कुटुंबाचें मत. आणि आमच्या मातोश्रींचें मत कोणी विचारलेंच नव्हतें. वास्तविक वादाचें मूळ कारण त्याच होत्या. त्यांचें वय ८२, गुडघे कामांतून गेलेले. पालीचा खंडोबा हें आमचें कुलदैवत. औदुंबरास दर वर्षीं जाण्याचा त्यांचा परिपाठ. परंतु गेलीं चार वर्षें त्या साताऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडून मुक्कामास कोठें गेलेल्या नाहींत. एस. टी. ची पायरी चढवत नाहीं. रात्रीं दोनदां उठावें लागतें, म्हणून परक्या ठिकाणीं राहण्याची धास्ती वाटते. निजण्याची व शौचाची सोय बरोबर नेतां आली तर म्हातारीला एकदां देवदर्शन घडेल, एवढाच या विचाराचा उगम होता.

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. घरांत कोणताहि प्रश्न निघाला कीं आम्ही जुन्या ग्रंथांकडे धाव घेतों, आणि घरचे लोक आपापल्या कामास लागतात! या वेळींहि तसेंच झालें. परंतु आमचा अनुभव असा कीं, चालतें घर केवढें असावें हा प्रश्न आमच्या कृष्णाकांठास मुळींच नवा नाहीं. ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्यांनीं केली त्यांनीं त्याचा विचार आमच्यापूर्वीं पुष्कळ केलेला होता. आणि ज्यांनीं तो केला नाहीं त्यांस त्याचें प्रायश्चित्त याच दोन जिल्ह्यांत भोगावें लागलें.

चालत्या घराची कल्पना परमावधीस नेली ती मोगल बादशहांनीं. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत नमूद करून ठेविलें आहे कीं, बादशाही तळाचें सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. बर्निए नांवाचा फ्रेंच वैद्य सन १६६४-६५ मध्यें औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मीरच्या वाटेनें गेला होता. त्यानें लिहिलें आहे कीं, बादशहाजवळ तंबूंचे दोन पुरे संच असत. एका संचांत बादशहाचा मुक्काम असे, तों दुसरा एक मजल पुढें जाऊन उभा राही. या पुढच्या संचास ‘पेशखाना’ म्हणत. याचा अर्थ असा कीं, बादशहा प्रवास करीत असला तरी आपल्या घराबाहेर असा तो कधीं पडतच नसे. एका महालांतून निघावें आणि संध्याकाळीं तशाच दुसऱ्या महालांत शिरावें. महाल तोच, दिवाणखाना तोच, पडदे तेच. बदलत असे ती केवळ खालची जमीन.

हाच बादशहा पुढें दक्षिणेंत उतरला. कारेरी नांवाच्या इटालियन प्रवाशानें सन १६९५ मध्यें त्याची छावणी पाहिली ती कृष्णेच्याच कांठीं, गलगली येथें. हें गांव सांगलीच्या खालच्या अंगास, आजच्या कर्नाटकांत आहे. छावणीचा परीघ ३० मैल आणि तिच्यांत २५० बाजार, असें त्याचें वर्णन आहे. प्रवाशांच्या आंकड्यांतून थोडें वजा करून घ्यावें लागतें, हें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों. परंतु निम्मे आंकडे धरले तरी ती छावणी नव्हे, चालतें शहरच होय.

या शहराची परीक्षा सन १६९९ च्या अखेरीस आमच्या साताऱ्यास झाली. मराठ्यांचे किल्ले स्वतः जाऊन घ्यावयाचे असा निश्चय करून औरंगजेब भीमाकांठच्या ब्रह्मपुरीहून निघाला, तेव्हां जादा सामान व कुटुंबकबिला त्यानें मागेंच ठेविला होता, ही गोष्ट विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. ओझें जड झालें आहे, हें त्यासहि कळत होतें. कऱ्हाडजवळचा वसंतगड घेऊन तो डिसेंबरांत साताऱ्याखालीं आला, आणि त्याचे डेरे करंजें गांवीं पडले. आज करंजें साताऱ्याच्या वस्तींत इतकें मिसळून गेलें आहे कीं, तेथून जातांना आलमगीर येथें साडेचार महिने बसला होता, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. किल्ल्यावर प्रयागजी प्रभु होता. एप्रिल १७०० मध्यें मोगलांनीं तटाखालीं सुरुंग उडविले. त्यांतील एक उलटून त्यांचींच माणसें मोठ्या संख्येनें दडपून मेलीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला स्वाधीन झाला. जूनमध्यें परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, हातीं आला, आणि नेमका त्याच वेळीं पाऊस सुरू झाला.

लढाईंत न झालेला पराभव येथून पुढें परतीच्या वाटेनें केला. सामान वाहणारीं जनावरें चिखलांत बसलीं. नद्यांना पूर आले. धान्य मिळेनासें झालें. परळीहून खटाव तालुक्यांतील भूषणगडापर्यंतचें अंतर आजच्या रस्त्यानें फार तर दोन तासांचें. तें काटण्यास बादशाही लष्करास महिन्याहून अधिक काळ लागला. पुढें माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें तळ पडला असतां ऑक्टोबरमधील एका रात्रीं नदीस अकस्मात् लोंढा आला आणि अर्धी छावणी पाण्याखालीं गेली. आरडाओरडा ऐकून मराठ्यांचा छापा आला असें बादशहास वाटलें. तो घाईनें उठून निघाला, तों अडखळून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. त्यानंतर तो लंगडतच चालला. दोन दोन महाल बरोबर बाळगणाऱ्या पुरुषास एका रात्रीं एक कोरडी जागा मिळूं नये, यांत सामानाच्या विपुलतेवर इतिहासानें दिलेला निकाल आम्हांस दिसतो.

समोरच्या पक्षाची पद्धति अगदीं उलट होती. सभासदानें शिवछत्रपतींच्या लष्कराचे जे नियम दिले आहेत, त्यांत पावसाळा छावणींत काढून दसऱ्यास निघावें, आठ महिने बाहेर राहावें, आणि बरोबर बायको, बटीक, कलावंतीण नेऊं नये, असें स्पष्ट आहे. स्वारानें जें घोड्यावर मावेल तेंच आपलें घर समजावें, असा याचा भावार्थ. मात्र येथें आपल्याच पूर्वजांचें कौतुक करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. साठ वर्षांच्या आंत आपलेहि तळ फुगले. पानिपतास गेलेल्या सैन्याबरोबर बायका, यात्रेकरू आणि बाजारबुणगे एवढे होते कीं, त्यांना खाऊं घालणें आणि त्यांचें रक्षण करणें हेंच लष्कराचें मुख्य काम होऊन बसलें. सारांश, मोठ्या बिऱ्हाडाचा मोह हा जातीचा नसून ऐपतीचा आहे. जों जों सांपत्तिक स्थिति सुधारते, तों तों मनुष्य घराबाहेर पडतांना घर अधिकाधिक बरोबर घेऊं लागतो.

या ठिकाणीं एका व्यक्तीचें स्मरण होतें. सन १६८९ मध्यें रायगड पडला तेव्हां मातोश्री येसूबाईंसह बालक शाहू मोगलांच्या हातीं लागला. त्या वेळीं तो सात वर्षांचा होता. सुटला तो सन १७०७ मध्यें. म्हणजे त्याचें सारें बालपण व तारुण्याचा प्रारंभ त्या चालत्या शहरांतील एका डेऱ्यांत गेला. सन १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाल्यावर हा राजा येथें स्थिरावला, आणि १७४९ मध्यें मरेपर्यंत हीच त्याची राजधानी राहिली. किल्ल्याच्या पायथ्याचें शहर त्याच्याच कारकीर्दींत वाढीस लागलें. स्वाऱ्या केल्या त्या पेशव्यांनीं व सरदारांनीं. ज्यानें अठरा वर्षें कनातींच्या भिंती पाहिल्या, त्याला दगडमातीच्या भिंतींची ओढ लागली असेल तर त्यांत नवल कोणतें? ज्याला घर आहे त्यालाच फिरतीची हौस असते, हें या राजाच्या चरित्रावरून आमच्या मनांत आलें. पुढें एका वेगळ्याच प्रसंगीं तें आम्हांस पुन्हां आठवावें लागलें. तो प्रसंग शेवटीं सांगूं.

बादशाही तळ आणि एकट्या स्वाराचें खोगीर या दोन टोकांच्या मधला मार्ग दाखविला तोहि सातारा जिल्ह्यांतीलच एका पुरुषानें. साताऱ्याजवळच्या आरफळ गांवचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरीं चाकरीस होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्ञानेश्वरांच्या पालखीस त्यांनीं आजचें शिस्तीचें स्वरूप दिलें; आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनीं त्या सोहळ्यास घोडे व तंबू पुरविले. ही व्यवस्था बारकाईनें पाहावी. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, गळ्यांत टाळ; त्याचें अंथरूण-पांघरूण व दिंडीचा शिधा मागून गाडींत येतो. वाटेंत घर नाहींच. मुक्कामाच्या गांवीं राहुट्या उभ्या राहतात, पहाटे त्या उतरतात. जें रोज लागतें तें अंगावर, जें रात्रीं लागतें तें गाडींत, आणि बाकीचें गांवकऱ्यांच्या पाहुणचारावर. लोणंद, तरडगांव, फलटण येथील लोकांस विचारावें. लाखों माणसांचें हें बिऱ्हाड दर वर्षीं येतें आणि जातें, परंतु मोगलांच्या बिऱ्हाडासारखें चिखलांत रुतून बसत नाहीं.

सांगलीकडे पाहावें तों तेथेंहि हाच धडा. विष्णुदास भाव्यांनीं सन १८४३ मध्यें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें, राजवाड्याच्या छत्राखालीं. सन १८५१ मध्यें आप्पासाहेब वारले, आश्रय तुटला, आणि मंडळीस पोट भरण्यासाठीं गांवोगांव निघावें लागलें. सन १८५३ मध्यें त्यांनीं मुंबईस प्रयोग केले. दरबारचें नाटक जेव्हां रस्त्यावर येतें, तेव्हां नेण्याजोगें काय आणि मागें ठेवण्याजोगें काय, याचा हिशेब त्याला करावाच लागतो. मराठी नाटक महाराष्ट्रभर पोंचलें, याचें श्रेय जेवढें राजाश्रयास तेवढेंच या सक्तीच्या हलकेपणासहि द्यावें लागेल.

आणि माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांतील धनगरांचा तर हा पिढीजात धर्मच. मेंढरें घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या तळास ते ‘वाडा’ म्हणतात. आपण ज्यास चौसोपी इमारत समजतों, तो त्यांचा वाडा दोन-चार घोड्यांच्या पाठीवर मावतो: भांडीं, घोंगड्या, जातें असल्यास जातें, वर कोंबड्या आणि एखादें तान्हें मूल.

आतां हौसेच्या चालत्या घराकडे वळूं. विलायतेंत याचा प्रारंभ गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या नौदलांतील निवृत्त वैद्यानें केला. त्यानें सन १८८५ मध्यें ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांची प्रवासी गाडी बांधवून घेतली, आणि ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीचें वजन सुमारें दोन टन. ती इतकी अवजड होती कीं, पुढचा रस्ता मोकळा आहे कीं नाहीं हें पाहण्यास त्याचा नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जात असे. बादशहाचा पेशखाना आणि डॉक्टरांचा हा अग्रेसर यांत फरक तो केवळ खर्चाचा!

अवजड रथाची लहान गाडी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्यानें १९५० मध्यें आपली पेटीसारखी गाडी काढली. तिची लांबी सुमारें सव्वाचार मीटर. पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया नांवाच्या कारखान्यानें तिच्यांत बसविण्याजोगी ‘कँपिंग बॉक्स’ विकावयास काढली. या पेटीचें मर्म असें कीं, ती काढून ठेवितां येत असे. आठवडाभर गाडी मालवाहू, रविवारीं तीच घर. आपल्याकडे बजाज टेंपोचा मॅटाडोर आणि पुढें १९८४ पासून मारुतीची ओम्नी, यांनीं मध्यमवर्गीयांस सहकुटुंब सहपरिवार फिरण्याची संवय लावली. महाराष्ट्र शासनानें सन २०२१ मध्यें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें, तेव्हांपासून हा विषय श्रीमंतांच्या अंगणांतून आमच्यासारख्यांच्या ओसरीपर्यंत आला आहे.

इतिहास इतका सांगून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, औरंगजेबाचें राहूं द्या, गाडी कोणती घ्यायची तें सांगा.’’ तेव्हां हिशेबास बसणें प्राप्त झालें.

त्यापूर्वीं एक प्रयोग मात्र झालेला होता. चिरंजीवांच्या आग्रहानें एक मोठी गाडी तीन दिवस भाड्यानें आणली. तींत शीतकपाट, स्नानगृह, दूरदर्शन, वातानुकूल यंत्र, सर्व कांहीं होतें. परंतु यवतेश्वरच्या घाटांत समोरून एस. टी. आली कीं कोणी तरी मागें हटावयाचें आणि तें बहुधा आम्हीं. वाईच्या गणपतीकडे जाणाऱ्या गल्ल्यांत शिरण्याचें नांव नको. आणि चाफळच्या वाटेवर विजेच्या तारा टपाला लागतील या भीतीनें चिरंजीव गाडीपुढें पायीं चालले. स्टेबल्स साहेबांच्या नोकराजवळ निदान सायकल होती. आणि मुख्य गोष्ट म्हणजे गाडीची पायरी इतकी उंच होती कीं, मातोश्री तींत चढल्याच नाहींत. ज्यांच्याकरितां सर्व खटाटोप, त्या ओसरीवर बसून आम्हांस निरोप देत होत्या.

म्हणून आम्हीं गरजांची यादी दोन भागांत केली: ज्यावांचून मातोश्रींचा प्रवास होणार नाहीं ती एक, आणि ज्यावांचून आमची केवळ गैरसोय होईल ती दुसरी. पहिल्या यादींत चारच गोष्टी आल्या: ठेंगणी पायरी, लांबीच्या अंगानें पाय पसरून निजण्याची जागा, पिण्याचें पाणी, आणि डब्याचें सुटें शौचपात्र.

पाण्याचा हिशेब उद्‌बोधक आहे. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. चार माणसांस पिणें, स्वयंपाक व हातपाय धुणें मिळून माणशीं १० लिटर धरलें, तर दोन दिवसांस ८० लिटर, म्हणजे ८० किलो झालें. हा पांचवा प्रवासीच झाला. स्नानाचें पाणी माणशीं २० लिटर घेतलें तर रोज आणखी ८० किलो. तेव्हां स्नान गाडींत नव्हे. ज्या प्रांतांत संगम माहुलीपासून हरिपुरापर्यंत नदीस पायऱ्या आहेत आणि बहुतेक देवस्थानीं भक्तनिवास आहेत, तेथें पाठीवर न्हाणीघर वाहणें हें शहाणपणाचें लक्षण नाहीं. सामान टपावर बांधण्याचाहि मोह टाळावा. भार जितका वर, तितकी गाडी वळणावर कलती, आणि आमच्याकडे वळणांस तोटा नाहीं.

विजेचेंहि तसेंच. १२ व्होल्टची १०० ॲम्पियर-अवर क्षमतेची बॅटरी म्हणजे सुमारें सव्वा युनिट वीज. एक लहान पंखा व दोन दिवे रात्रभर चालले तरी तिचा तिसरा हिस्साहि संपत नाहीं. उलट टनभर क्षमतेचें वातानुकूल यंत्र ती तासा-सव्वातासांत संपवितें. थंडीच्या दिवसांत हिंडावयाचें ठरविलें कीं हा प्रश्नच मिटतो. चूल मात्र गाडीच्या बाहेर पेटवावी. बंद गाडींत शेगडी, गॅस किंवा जनित्र चालू ठेवून निजणें हें प्राणावर बेतणारें आहे. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि निजलेला मनुष्य जागा होत नाहीं.

कायद्याकडेहि पाहावें लागतें. मोटार वाहन कायद्याच्या (सन १९८८) ५२ व्या कलमान्वयें नोंदणींत लिहिल्याहून निराळें स्वरूप गाडीस मन मानेल तसें देतां येत नाहीं. पक्का बदल करावयाचा तर परवानगी व नोंद हवी. स्वतःच्या वापराची कॅम्परव्हॅन खाजगी गाड्यांत मोडते, भाड्यानें देण्याची वाहतुकीच्या गाड्यांत. तेव्हां जुनी गाडी घेतांना तिची नोंद कशांत आहे हें आधीं पाहावें. या कारणानेंहि वेस्टफालियाच्या पेटीची युक्ति आम्हांस पटली.

शेवटीं निर्णय असा झाला कीं, सुमारें पावणेचार मीटर लांबीची साधी पेटीवजा गाडी घ्यावी. तिची रुंदी दीड मीटरहि नाहीं. म्हणजे आडवें निजणें अशक्य, उभ्या अंगानें दोघांस पुरेल. मागें फळ्यांचा, उचलून ठेवण्याजोगा बिछाना. त्याखालीं पाण्याचे दोन कॅन, भांडीं आणि शौचपात्र. आंत मातोश्री व कुटुंब. आणि आम्हीं पितापुत्रांनीं बाहेर शितोळे सरदारांच्या परंपरेस स्मरून राहुटींत निजावें. गाडी लहान राहिली ती घराचा अर्धा भाग बाहेर ठेवल्यामुळें.

विकत घेण्यापूर्वीं अशीच एक गाडी मागून आणून फेब्रुवारींत आम्ही निघालों. पालीस तारळी नदीच्या कांठीं खंडोबाचें दर्शन झालें. चार वर्षांनीं देव पाहून मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत; भंडारा कपाळीं लावून बराच वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीं औदुंबराकडे जातांना संध्याकाळीं एका शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या विहिरीजवळ तळ दिला. नदीकांठ मुद्दाम टाळला. हिंवाळ्यांत पुराचें भय नव्हतें हें खरें, तथापि सन २००५ व २०१९ चे पूर या भागानें पाहिले आहेत, आणि खवासपूर आमच्या डोक्यांत होतें.

शेजारच्या पडीक रानांत ऊसतोड मजुरांची टोळी उतरली होती. पाचट व चटया यांच्या कोप्या, बाहेर तीन दगडांची चूल, बैल बांधलेले. नवरा-बायकोच्या जोडीस त्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत हंगामभर घर सोडून राहावयाचें. त्यांतील एक बाई पाणी भरण्यास विहिरीवर आली. गाडीचें दार उघडें होतें. तिनें आंतील बिछाना पाहिला, पाण्याचे कॅन पाहिले, कोपऱ्यांतील भांडीं पाहिलीं, आणि मातोश्रींस अगदीं मनापासून विचारलें, ‘‘आजी, ह्या वयात तुमास्नी ह्यात ऱ्हायला लावलंय व्हय?’’

आम्ही चपापलों. मातोश्री म्हणाल्या, ‘‘नाहीं ग बाई. हौस म्हणून आलोंय. साताऱ्याला घर आहे आमचं.’’

‘‘घर हाय?’’ असें म्हणून ती बाई क्षणभर थांबली. मग हंसली, घागर कमरेवर घेतली आणि गेली.

त्या रात्रीं राहुटींत आम्हांस पुष्कळ वेळ झोंप आली नाहीं. ज्या वस्तूंच्या निवडीकरितां आम्हीं तीन महिने यादी केली, त्याच वस्तू पलीकडच्या कोपींत कोणींहि न निवडतां येऊन पडल्या होत्या: एक बिछाना, पाण्याचें एक भांडें, एक चूल. शौचपात्र तेवढें नव्हतें, आणि म्हणून तिकडच्या बायकांस अंधारांत उठून उसांत जावें लागत होतें. लहान बिऱ्हाडाचें जें कौतुक आम्हीं वर इतकें केलें, तें परत जाण्यास मोठें घर आहे म्हणूनच करतां येतें. शाहूमहाराजांना हें ठाऊक असलें पाहिजे. आम्हांस तें कळण्यास घागर घेतलेली एक बाई भेटावी लागली.

याचा अर्थ गाडी घेऊं नये असा आम्हीं केला नाहीं. परंतु कुटुंबानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं यादींतून आणखी चार जिनसा कमी केल्या, आणि चिरंजीवांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. निघतांना मातोश्रींनीं उरलेला शिधा त्या कोपींत देवविला. घेणारीनें तो घेतला, आणि दोन उसाचीं कांडीं गाडींत टाकलीं. पाहुणचार फिटला.

परततांना कऱ्हाड सोडल्यावर मातोश्रींनीं एकदम विचारलें, ‘‘अरे, त्या तुझ्या बादशहाचा कोणता गुडघा गेला होता?’’

‘‘उजवा,’’ आम्हीं सांगितलें.

‘‘माझे दोन्ही गेलेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तरी मी पालीला जाऊन आलें.’’ आणि पाय लांब करून निजल्या.